पिवळ्या चौकड्यांचे व्याही : ग्रँडफादर माउंटनवरचे हायलँड गेम्स

उत्तर कॅरोलायनातल्या ब्लू रिज डोंगरांत लिनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या वरच्या अंगाला, ग्रँडफादर माउंटनच्या पायथ्याशी, मॅक्रे मेडोज नावाचं कुरण. दर जुलैत तिथे स्कॉटिश वंशाचे अमेरिकन हजारोंनी जमतात, ओंडके फेकतात, बॅगपाइप फुंकतात आणि आपापल्या कुळाच्या तंबूत बसून पूर्वजांबद्दल बोलतात. अ‍ॅग्नेस मॅक्रे मॉर्टन आणि डोनाल्ड मॅकडोनाल्ड या दोघांनी १९५६ साली हे सुरू केलं. मॅकडोनाल्ड यांनी स्कॉटलंडमध्ये ब्रेमारचा मेळावा पाहिला होता, त्याच धर्तीवर.

आमचा संबंध लेकीमुळे. ती शार्लटला असते आणि तिचं सासर मॅकलॉडांचं. व्याही-विहीणबाई दरवर्षी इथे मॅकलॉड तंबूत राबतात. विहीणबाईंनी विचारलंही नाही, आमची तिकिटं परस्पर काढून टाकली. आमचे हे म्हणाले, "व्याही किल्टमध्ये (स्कॉटिश पुरुषांचा चौकड्यांचा घागरा) बघायला मिळणार असतील तर मी कुठेही येतो."

गुरुवार

शार्लटहून मॉर्गनटनमार्गे साधारण दोन-अडीच तास लागतात. मॉर्गनटन सोडलं की १८१ नंबरचा रस्ता चढायला लागतो, हवा बदलते, आणि शार्लटच्या दमट उकाड्यातून आल्यावर गाडीच्या काचा खाली कराव्याशा वाटतात. वाटेत एका टपरीवर पाटी दिसली, उकडलेल्या शेंगा! भुईमुगाच्या, सालासकट, खारट पाण्यात तासन् तास उकडलेल्या. दक्षिणेकडच्या राज्यांत हा अगदी नेहमीचा खाऊ. पिशवीतून पाणी गळत होतं, बोटं चिकट झाली, पण ह्यांनी पिशवी जावयाच्या हाती लागू दिली नाही. सोबत चेरवाइन. नावात वाइन असली तरी ते चेरीच्या चवीचं साधं सोडापेय आहे, १९१७ पासून याच राज्यातल्या सॉल्झबरीत बनतं. आमच्या जिभेला औषधासारखं लागलं.

कुरणाजवळ सर्वसामान्य पाहुण्यांना गाडी लावता येत नाही. आसपासच्या गावांतल्या वाहनतळांवर गाडी ठेवायची आणि बसने वर जायचं. बसचे पैसे प्रवेशतिकिटात धरलेले नसतात, म्हणून सुटे जवळ ठेवावेत. घडीची खुर्ची, खरा रेनकोट (छत्री नव्हे, वाऱ्यात उलटते) आणि स्वेटर हवाच. कुरण चार हजार फुटांच्या वर आहे, जुलैतही रात्री कुडकुडायला होतं.

संध्याकाळी 'द बेअर' नावाची शर्यत असते. लिनव्हिलमधून निघायचं आणि पाच मैल पळत डोंगरावर, दीड हजार फुटांहून जास्त चढ. शेकडो माणसं स्वतःहून पैसे भरून हे करतात. त्यात किल्ट घालून पळणारेही होते, त्यांना टाळ्या जास्त.

अंधार पडला तसे मैदानात मशाली घेतलेले लोक आले. एकेका कुळाचा प्रतिनिधी पुढे येऊन मोठ्याने जाहीर करतो की आम्ही हजर आहोत. व्याह्यांची पाळी आली तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा पूर्ण पोशाखात पाहिलं. स्कॉटलंडजवळच्या लुइस बेटावरच्या मॅकलॉडांचा कपडा म्हणजे भडक पिवळा, त्यावर काळे जाड पट्टे आणि एक लाल रेघ. स्कॉटिश लोकच त्याला चेष्टेने 'लाउड मॅकलॉड' म्हणतात. एरवी विम्याच्या कचेरीत मान खाली घालून काम करणारा हा माणूस अशा आवाजात ओरडला की लेकीच्या हातातला कॉफीचा पेला हिंदकळला.

मला मात्र त्या मशाली बघून जरा चरकल्यासारखं झालं, हे लिहिलंच पाहिजे. अमेरिकेची दक्षिण, रात्र, हातात मशाली घेतलेले गोरे लोक. कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेने जळत्या क्रूसाची कल्पना हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातल्या, जुन्या प्रथेवरूनच उचलली, तीही मधल्या एका कादंबरीच्या मार्फत. त्यांचा पहिला क्रूस १९१५ साली जॉर्जियात स्टोन माउंटनवर जळाला. मी हे विहीणबाईंना विचारलं. त्यांना प्रश्न नवा नव्हता. "माहीत आहे. पण चोरीचा माल चोराकडेच कशाला राहू द्यायचा?" एवढंच म्हणाल्या आणि थर्मासमधला चहा ओतला. उत्तर मला पूर्ण पटलं नाही. त्यांनाही ते पुरं वाटलं नसावं, कारण नंतर मोटेलच्या ओसरीवर त्यांनीच विषय पुन्हा काढला आणि बराच वेळ बोलत बसल्या.

शुक्रवार

सकाळी धुकं इतकं की समोरचा तंबू दिसत नव्हता, नुसता ड्रोनचा, म्हणजे बॅगपाइपच्या त्या एकसुरी घुमणाऱ्या नळ्यांचा, आवाज येत होता. दहाच्या सुमारास वरचा डोंगर उघडा पडला.

आजचा दिवस तंबूंचा. शंभराहून जास्त कुळांचे तंबू मैदानाभोवती गोलाकार मांडलेले, प्रत्येकात नकाशा, झेंडा, शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा आणि एक जाडजूड वही. कुणीही यावं, आडनाव सांगावं. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्ये गाव आणि आडनाव विचारून चोपडी उघडतात, तोच प्रकार. फक्त इथे दक्षिणेऐवजी वर्गणीचा फॉर्म पुढे येतो. आडनाव थेट कुळाचं नसलं तरी निराश करत नाहीत. प्रत्येक मोठ्या कुळाला जोडलेल्या लहान आडनावांची लांबलचक यादी असते, त्यात कुठे ना कुठे बसवतात. ओहायोहून आलेल्या एका तरुण जोडप्याला विहीणबाईंनी वीस मिनिटांत मॅकलॉड करून टाकलं. मुलगी अक्षरशः रडली. तिची आजी लहानपणीच दत्तक गेलेली, घरात मागचं काही कुणाला ठाऊक नाही, हातात फक्त एका जुन्या दाखल्यावरचं आडनाव.

२०२० च्या जनगणनेत ३ कोटी ८६ लाख अमेरिकनांनी आपलं मूळ आयरिश सांगितलं आणि ८४ लाखांनी स्कॉटिश. खुद्द स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५५ लाख. म्हणजे इकडचे स्कॉटिश तिकडच्यांपेक्षा जास्त, आणि उत्साहाने तर कितीतरी जास्त.

पलीकडे डोनाल्ड कुळाच्या तंबूपाशी फ्लोरा मॅकडोनाल्डची कथा रंगली होती. १७४६ साली कलोडनच्या लढाईत ब्रिटनच्या राजाच्या फौजेने हायलँडवाल्यांचा धुव्वा उडवल्यावर, त्या गादीवर हक्क सांगणाऱ्या आणि आता पळणाऱ्या राजपुत्र चार्ल्सला हिने दासीचा वेष चढवून होडीतून स्काय बेटावर पोचवलं. पुढे १७७४ मध्ये ती नवऱ्यासह याच उत्तर कॅरोलायनात राहायला आली. केप फिअर नदीच्या खोऱ्यात १७३९ पासूनच हायलँडची माणसं वसत होती. आता गंमत बघा. १७७५ मध्ये अमेरिकन क्रांती पेटली तेव्हा ज्या राजघराण्याने यांना चिरडलं, त्याच राजाच्या बाजूने यातले बरेचजण लढले आणि फेब्रुवारी १७७६ मध्ये मूर्स क्रीकच्या पुलावर हरले. फ्लोराचा नवरा कैद झाला, ती शेवटी स्कॉटलंडला परतली. इथे मात्र ती सगळ्यांची लाडकी आहे, आणि तंबूवर तारे-पट्ट्यांचा झेंडाही आहे. यात विसंगती आहे असं कुणालाच वाटत नाही. मी विचारलं तर एक आजोबा हसून म्हणाले, "बाई, आम्ही हरलेल्या बाजूला उभं राहण्यात तरबेज आहोत."

कपड्याबद्दलही असंच. अमुक कुळाचा अमुक चौकडा हे प्राचीन काळापासून चालत आलंय असं बहुतेकांना वाटतं. १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली; पण कुळवार चौकड्यांची पक्की वाटणी बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, वॉल्टर स्कॉटने त्याच्या स्वागतासाठी सगळ्यांना चौकड्यांत उभं केलं, आणि तिथून ही हौस वाढली. विहीणबाईंना हे सगळं पाठ आहे. त्यांचं म्हणणं, दोनशे वर्षं पुरेशी झाली, अजून किती जुनं हवं?

मॅकलॉड तंबूत एक विषय दबक्या आवाजात निघतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्या आई मेरी अ‍ॅन मॅकलॉड, लुइस बेटावरच्या. नाव निघालं की दोन्ही पक्षांचे मॅकलॉड घाईघाईने शॉर्टब्रेडचा डबा पुढे करतात.

दुपारी हॅगिस खाल्लं. मेंढीचं काळीज, यकृत, फुप्फुस आणि ओटचं भरड, असा मूळ पदार्थ. अमेरिकेत १९७१ पासून जनावरांची फुप्फुसं अन्नात वापरायला बंदी आहे, त्यामुळे इथलं हॅगिस फुप्फुसाविना. मिऱ्याची चव छान, पोत भरडलेल्या कण्यांसारखा. शाकाहाऱ्यांना चिप्स, शॉर्टब्रेड आणि सोबत आणलेला डबा, बाकी फारसं काही नाही. दुपारनंतर रांगा प्रचंड वाढतात; साडेअकरालाच जेवून घ्यावं.

तंबूत परतलो तर एक कृष्णवर्णीय गृहस्थ बसले होते, आडनाव मॅकलॉड, राहणार याच राज्यातले. विहीणबाईंनी तसाच नकाशा उघडला, तीच वही काढली. ते शांतपणे म्हणाले, "बेट मला माहीत आहे. मला कॅरोलायनातला मळा शोधायचाय." गुलामांना मालकाचं आडनाव मिळायचं, हे तिथल्या सगळ्यांना कळलं. विहीणबाईंनी नकाशा मिटला, केप फिअरकडच्या परगण्यांच्या मृत्युपत्रांची यादी कुठल्या अभिलेखागारात मिळेल ते लिहून दिलं. दोघं तासभर डोकं घालून बसले होते. मेळाव्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही, आणि ती कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत नव्हती.

शनिवार

पाऊस. कुरणाचा चिखल झाला, पांढरे लोकरी मोजे गुडघ्यापर्यंत तपकिरी. कुणी जागचं हललं नाही.

आज दांडग्यांचा दिवस. हातोडा, दगड, आडव्या दांडीवरून एका हाताने मागे फेकायचं वजन, आणि सगळ्यात शेवटी केबर. केबर म्हणजे सोललेला अख्खा ओंडका. तो तळाशी दोन्ही तळव्यांत उभा धरायचा, पळायचं आणि असा उडवायचा की वरचं टोक जमिनीवर टेकून ओंडका पलटी खाईल. किती लांब गेला याला महत्त्व नाही. घड्याळात बाराचा काटा असतो तसा तो फेकणाऱ्यापासून सरळ पुढे पडायला हवा. ओल्या लाकडावरून हात निसटत होते. एक भला थोरला गडी ओंडका पेलताना तीनदा तोल गेला तरी पळत राहिला, आणि शेवटी तो आडवा पडल्यावर स्वतःच मोठ्याने हसला.

दुसरीकडे लाकडी मंचावर मुली तलवारनृत्य करत होत्या. जमिनीवर एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन तलवारी, त्यांना पाय न लावता चवड्यांवर उड्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलींच्या चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेचा ताण आणि बाजूला आया ओठांनी ताल मोजताहेत. बून गावाहून निघालेले मॅरेथॉनवालेही याच मैदानात येऊन संपतात. सव्वीस मैल डोंगरातून पळून आल्यावर समोर पाइपबँड उभा असतो.

पावसापासून आडोशाला आम्ही जुन्या पलटणींच्या वस्तू मांडलेल्या एका तंबूत शिरलो. तिथे मिशीवाले एक आजोबा डेट्रॉइटहून आलेले. आजोबांचे आजोबा ग्लासगोचे, 'हायलँड लाइट इन्फन्ट्री'त शिपाई. त्यांच्या टोपीचा बिल्ला यांनी जपून ठेवलाय. कौतुकाने माझ्या हातात दिला. तारा, मधे शिंग, वर मुकुट, आणि खाली चक्क हत्ती. हत्तीच्या वरच्या बाजूला अक्षरं होती, ती त्यांनी 'असाय' अशी वाचून दाखवली. भारतातलं काहीतरी आहे एवढंच त्यांना ठाऊक.

माझं माहेर जालन्याचं. असई आमच्याच जिल्ह्यात. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याची लढाई झाली. ७४ आणि ७८ या दोन हायलँडर पलटणी त्यात होत्या. ७४ वी तर शिंद्यांच्या तोफांसमोर जवळजवळ कापली गेली. लढाई वेलस्लीने जिंकली आणि या पलटणींना हत्तीचं चिन्ह मिळालं. पुढे ७४ वी याच हायलँड लाइट इन्फन्ट्रीत मिसळली. वेलस्ली नंतर वेलिंग्टन झाला, वॉटर्लू जिंकला. तरी आपली सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारल्यावर त्याने असईचंच नाव घेतलं, असं सांगतात.

मी त्यांना सांगितलं, हे माझ्या माहेराजवळचं गाव आहे, आणि तिथे हरलेली बाजू आमची होती. आजोबा क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी टोपी काढली, मला खुर्ची दिली, आणि नदी कुठे होती, पाऊस पडून गेलेला होता का, गाव अजून आहे का, असे प्रश्न सुरू केले. केळना आणि जुई या नद्यांची नावं मी त्यांच्या वहीत देवनागरीत लिहून दिली. आमचे हे इतिहासाचे शिक्षक, त्यांना तर उधाणच आलं. शॉर्टब्रेडचे तुकडे मांडून शिंद्यांच्या तोफांची रांग दाखवली. पाऊस थांबला तरी आम्ही तिथेच. आपले पूर्वज दुसऱ्याच्या गावात जाऊन काय करत होते, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. त्यांनीच निघताना म्हटलं, "हायलँडमधून हाकलले गेलेले लोक, नोकरी मिळेल तिथे गेले. चांगलंच केलं असं नाही म्हणत."

रविवार

सकाळी मैदानावरच उघड्यावर प्रार्थना. त्यात चौकड्यांच्या कापडांना आशीर्वाद देण्याचा विधी असतो, 'कर्किन ऑफ द टार्टन'. बंदीच्या काळात लोक कापडाचा तुकडा कपड्याखाली लपवून चर्चमध्ये नेत, आशीर्वादाच्या वेळी हळूच स्पर्श करत, अशी हृद्य कथा सांगितली जाते. प्रत्यक्षात हा विधी अमेरिकेतलाच. पीटर मार्शल नावाचे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले पाद्री वॉशिंग्टनमध्ये होते, त्यांनी १९४१ च्या सुमारास, महायुद्धात ब्रिटनला मदत गोळा करण्याच्या निमित्ताने तो सुरू केला. स्कॉटलंडमधून आलेला एक पाइपवादक माझ्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "घरी मी किल्ट लग्नाला घालतो आणि फुटबॉलच्या सामन्याला. इथे येईपर्यंत हा विधी मी पाहिलाही नव्हता." पण आशीर्वाद सुरू झाला तेव्हा त्यानेही कमरेचं कापड हातात धरून उचललं.

मग कुळांची मिरवणूक. तासभर चालते. बाबागाडीतली बाळं, चाकाच्या खुर्च्या, चौकड्यांचं जाकीट घातलेली कुत्री. मॅकलॉडांसोबत आम्हालाही घेतलं. लेकीने पंजाबी ड्रेसवर पिवळा पट्टा टाकला, माझ्या खांद्यावर विहीणबाईंनी पिन लावून दिली. मैदानभर ओळखीचं कुणी नाही याची खात्री असल्याने ह्यांनीही हात हलवून घेतला. फोटो नंतर कुटुंबाच्या ग्रुपवर गेला आणि नागपूरच्या दिराने विचारलं, वहिनी, धर्मांतर की काय?

रविवारी गर्दी कमी असते. एकच दिवस जमणार असेल तर हाच निवडावा. किल्टखाली काय घालतात हा प्रश्न कृपा करून विचारू नये. उत्तरं ठरलेली आहेत आणि ती सगळी वाईट आहेत.

सोमवार

परतताना शेल्बीमार्गे किंग्ज माउंटनला थांबलो. नाव डोंगराचं, पण आहे बुटकी टेकडी, दक्षिण कॅरोलायनाच्या हद्दीत. प्रवेश फुकट, दीड मैलाची झाडीतली फेरी, माहितीपट अवश्य पाहावा, पाणी जवळ ठेवावं. इथे पुन्हा उकाडा आहेच.

७ ऑक्टोबर १७८० ला डोंगरापलीकडच्या बंदूकधारी शेतकऱ्यांनी इथे राजनिष्ठांच्या तुकडीला घेरून हरवलं. या शेतकऱ्यांत बरेचसे अल्स्टरहून आलेले, म्हणजे स्कॉटलंडमधून उत्तर आयर्लंडला आणि तिथून पेनसिल्व्हेनियामार्गे खाली उतरलेले लोक. पुढे १८४५ नंतरच्या दुष्काळात गरीब कॅथलिक आयरिशांचे लोंढे आले, तेव्हा यांच्या वंशजांनी वेगळेपण दाखवायला 'स्कॉच-आयरिश' हे बिरुद घट्ट धरलं. राजनिष्ठांचा सेनापती पॅट्रिक फर्ग्युसन मात्र अस्सल स्कॉटलंडचा, अ‍ॅबर्डीनशायरचा. तो पडला तिथे जवळच त्याला पुरलंय, वर दगडांची रास. येणारे-जाणारे तिच्यावर दगड ठेवतात.

इथे व्याह्यांची गोची झाली. डीएनए चाचणीत त्यांचं मूळ बरंचसं अल्स्टरचं आणि थोडं जर्मन निघालंय. लुइस बेटाचा मागमूस फारसा नाही. विहीणबाई, ज्या जन्माने मॅकलॉड नाहीतच, त्या हे आनंदाने सगळ्यांना सांगतात. "म्हणजे बाबा, तुमचे पूर्वज याला मारणाऱ्यांत होते," जावई म्हणाला. व्याह्यांनी जमिनीवरून एक दगड उचलला, जरा विचार केला, आणि तरीही राशीवर ठेवला. मग शेल्बीत मागे वळून बार्बेक्यू खायचं ठरलं. मंद आचेवर लाकडाच्या धुरात शिजवलेलं डुकराचं मांस, व्हिनेगरचा आंबट-तिखट रस्सा आणि तांबूस कोबीची कोशिंबीर, हे या भागाचं खरं जेवण.

ताटं येईपर्यंत विहीणबाईंनी फोनवरून पुढच्या जुलैच्या खोल्या पक्क्या केल्या. बून, बॅनर एल्क, लिनव्हिल या पट्ट्यात मेळाव्याच्या आठवड्यात आयत्या वेळी खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भावाने. जाणार असाल तर जानेवारीतच नोंदवा. आणि मॅकलॉड तंबूत गेलात तर आडनाव काहीही सांगा, विहीणबाई यादीत कुठेतरी बसवतीलच.